निंबाखालची सौरगाडी

मी मलकापूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. बाजारात गाडी लावायला जागा मिळत नाही, म्हणून वर्षभर खपून मी स्वतःच एक गाडी बनवली. एका माणसापुरती, छपरावर सोलर पॅनल, आणि इतकी हलकी की दोन दुकानांमधल्या फटीतही हातानं ढकलून बसवावी. या हलकेपणाचा मला भारी अभिमान होता.

भर मे महिन्यात ती बँकेसमोर उन्हात चार्ज व्हायला लावून मी आत गेलो. बाहेर आलो तर गाडी निंबाच्या सावलीत, बॅटरी तशीच उतरलेली. समोरच्या पानवाल्यानं ढकलून नेली होती. घरापर्यंत मीही ढकलतच नेली.

दुसऱ्या दिवशी गाडी तिथंच उभी करून काचेवर पाटी लावली, 'गाडी उन्हातच राहू द्यावी.' परत आलो तर गाडी पुन्हा निंबाखाली, शिवाय छपरावर ओलं पोतं.

माझं डोकंच फिरलं. भर रस्त्यात उभा राहून पानवाल्यावर ओरडलो, "काऊन ढकलली बे? पाटी नाही वाचली?"

"वाचली न सर. पण अशा उनात गाडी काय, दुश्मनालेबी ठेवू नये. तुमीबी आधी सावलीत या, मंग भांडा."

गेलो. गाडीला टेकूनच भांडलो.