सडपातळ सुनेची साखर आणि आमच्या नीलाताई

डॉक्टर नीलाताईंची आणि माझी ओळख झाली ती टेपमुळे. तीन वर्षांपूर्वी त्या हाटकेश भागातल्या आमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला आल्या आणि पर्समधून शिंप्याची टेप काढून म्हणाल्या, "बायकांनो, आज कंबर मोजायची!" मी सरळ स्वयंपाकघरात पळाले. त्या मागोमाग आल्या. "आजी, तुमच्यापासूनच सुरू करू."

कुठल्या प्रांतातल्या बाईच्या अंगात अन्नाचं काय होतं, चरबी कुठे साठते, हा नीलाताईंचा अभ्यास. आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी, गुजराती, बिहारी सगळ्या आहेत, तिसऱ्या मजल्यावर नायजेरियाची ग्रेस आहे. मला वाटायचं, पोट ते पोट, त्यात प्रांत कुठून आला? माझं शिक्षण चौथी, म्हणून गप्प बसले.

मग माझ्या सुनेला, शीतलला, दिवस गेले. शीतल म्हणजे नुसती काडी. लग्नातला ब्लाउज अजून सैल होतो तिला. तिचीच साखर वाढलेली निघाली! ग्रेसलाही तेव्हाच दिवस गेलेले, ती शीतलच्या दुप्पट, आणि तिची साखर एकदम नॉर्मल. मी म्हटलं, "ताई, रिपोर्ट बदलले असतील."

नीलाताई हसल्या नाहीत. त्यांनी समजावलं, की आपल्याकडच्या पुष्कळ बायका वरून बारीक दिसतात, पण चरबी आत पोटात, लिव्हरभोवती बसते. म्हणून ज्या वजनाला दुसऱ्या देशातल्या बाईला काही होत नाही, त्याच्या कितीतरी आधी आपल्याला साखर गाठू शकते. "सगळ्यांचं असं नसतं, आजी. पण नुसत्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही." मी मान हलवली. कळलं काहीच नव्हतं.

त्यांनी दोघींना जेवणाचे वेगवेगळे कागद दिले. शीतलच्या कागदावर भात एक छोटी वाटी, गोड बंद. ग्रेसच्या कागदावर भात दोन वाट्या, वर केळं. आता आमच्या बिल्डिंगमध्ये कुठलाच कागद एकीचा राहत नाही. पापडाचं प्रमाण असो की प्लंबरचा नंबर, झेरॉक्स घरोघर फिरते. मी विचार केला, एवढ्या दांडग्या बाईला चालतं, तर माझ्या काडीला का नाही? ग्रेसच्या कागदाची झेरॉक्स काढून फ्रिजला चिकटवली. शीतल ऑफिसला जाते, तिचा डबा मीच भरते. दोन आठवडे मनापासून भरला.

साखर आणखी चढली. बाळ पोटात प्रमाणापेक्षा जास्त भरायला लागलं होतं. बाळंतपण अवघड जाईल, इंजेक्शनं लागतील, असं दवाखान्यात म्हणाले. शीतल रडून रडून सुजली.

नीलाताई दवाखाना सोडून घरी आल्या आणि फ्रिजसमोर थांबल्या. "हा कागद कुणाचा?"

मी सांगितलं. शीतल ओरडली, "आई, तुम्ही मला ग्रेसचं जेवण घालत होतात?"

ग्रेस दारातच उभी होती. "आंटी, मेरा पेपर चुराया? मुझसे पूछती, मैं खाना भी दे देती!"

सगळ्या हसल्या, मला मात्र रडू फुटलं. नीलाताई एका शब्दानं रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, "चूक माझी. कागद दिला, पण तुम्हाला समजलं का ते विचारलं नाही." पदर खोचून त्यांनी माझे डबे उघडले, माझ्याच वाट्यांनी भात मोजून दाखवला, भाकरी, मटकीची उसळ, माशाचं कालवण सगळं बसवून दिलं, वर जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं. मी विचारलं, "पण ताई, असं का होतं?"

"पूर्ण कुणालाच ठाऊक नाही, आजी. मलाही नाही."

इतकी वर्षं दवाखाने पाहिले, पण असं म्हणणारा डॉक्टर मला पहिल्यांदाच भेटला.

इंजेक्शनं लागली नाहीत. नात झाली, गुटगुटीत नाही, बेताची, आणि काय गोड! आता घरभर रांगतेय. नीलाताई म्हणतात, शीतलची साखर दरवर्षी तपासायची, आणि पुढे मुलीवरही लक्ष ठेवायचं.

ताई, आज तुम्हाला साठ वर्षं पूर्ण झाली. तुमचा अभ्यास मला अजून धड कळत नाही, बारीक कोण आणि जाड कोण याचाच माझा गोंधळ आहे. पण उद्या माझी नात आई होईल, तेव्हा तिच्या पुढ्यात काय वाढायचं ते सांगायला तुम्ही हव्यात. तोवर ठणठणीत राहा, भरपूर जगा. तिचं ताट माझ्यावर सोपवू नका.