खो कुणाला द्यायचा

लातूर जिल्हा झाला तेव्हा रेणापुरात आमच्या गल्लीचा आड आटलेला होता. संध्याकाळी टँकर यायचा. तो येईपर्यंत बायका घागरी रांगेत लावून बसायच्या आणि पोरी शेजारच्या मोकळ्या जागेत खो-खो खेळायच्या. माझी लेक त्यांत सगळ्यांत चपळ.

पण तिची एक खोड. ऐन रंगात आलेल्या डावात ती एका सावकाश मैत्रिणीला खो द्यायची. ती उठेपर्यंत गडी पसार. सगळ्या हसायच्या, त्या दोघी सर्वांत जास्त.

"तिला कशाला देतीस गं?" मी विचारलं.

"माय, ती नुसती बसूनच ऱ्हाती. तिला बी पळावं वाटतंय की."

मला काही पटलं नाही. नव्या जिल्ह्याचा पहिला संघ निवडणार होते. मी म्हणजे खो-खोतली मोठी जाणकार! माझं धावणं पिठाच्या गिरणीपर्यंत, तेही लाईट जायच्या आत. तरी रांगेतून ओरडायची, "तिला सोड, पुढचीला दे." शेजारीण म्हणायची, "वैनी, आधी तुमची घागर सरकवा."

निवडीच्या दिवशी लेकीनं माझं ऐकलं. मैत्रिणीला एकदाही खो दिला नाही. डाव जिंकला, लेकीची निवड झाली. सगळ्या पोरी घामाघूम. ती मैत्रीण एकटी कोरडी.

मी गल्लीभर साखर वाटली. एक घर कसं सोडायचं, म्हणून त्या मैत्रिणीच्याही दारात गेले. तिच्या आईनं चिमूट तोंडात टाकली. "लेक गुणाची हाय तुमची," म्हणाली आणि पोरीला बाहेर बोलावलं. पोरीनं हात पुढं केला. त्यावर साखर ठेवत मी शहाणी म्हणाले, "तू बी जरा पळायला शिक, म्हंजे पुढच्या साली तुझा नंबर." तिनं मूठ मिटली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी लेक तिला खेळायला बोलवायला गेली आणि एकटीच परत आली.

"ती न्हाई म्हणती. कधीच येणार न्हाई म्हणती. माय, तू काय म्हणलीस तिला?"

"कुठं काय? साखर दिली."

लेकीनं पुन्हा विचारलं नाही. लातूरला संघ जिंकला की हरला, मला आता आठवतही नाही. लेकीला तेव्हाच खरं सांगायचं होतं. आईपणाचा तोरा आडवा आला, अन् राहूनच गेलं.