आम्ही ताईची जीभ होतो

नव्या गावात बस थांबली की आम्ही सगळे बॅगा मोजायचो आणि माझी थोरली बहीण वास घ्यायची. "उजवीकडे कोणीतरी कांदा जाळतंय. डावीकडे मासे आहेत, ताजे आहेत. डावीकडे चला," असं ती ठरवून टाकायची आणि आम्ही सामान ओढत तिच्या मागे. राहायची जागा मागाहून. एकदा तर ती अशीच एका अनोळखी बाईच्या स्वयंपाकघरात शिरली आणि तासाभराने तिथेच पाटावर बसून लसूण सोलत होती. त्या बाईची भाषा हिला येत नव्हती, हिची तिला येत नव्हती, तरी दोघींच्या गप्पा रंगात आल्या होत्या.

हे वेड तिला आमच्या घरानेच लावलं. आई समुद्राकाठची, बाबा डोंगराकडचे. दोघांच्या भाषा वेगळ्या, देव वेगळे, आणि जेवणाचं तर बोलायलाच नको. मासे नसले की आईला उपाशी राहिल्यासारखं वाटायचं, आणि बाबांना माशांच्या नुसत्या वासाने मळमळायचं. सूतगिरणीत ओळख झाली आणि दोन्ही घरांच्या नाकावर टिच्चून त्यांनी लग्न केलं. पहिले सहा महिने आई रांधायची आणि बाबा "छान झालंय" म्हणायचे. मग एक दिवस आईला कळलं, की हा माणूस घरी दोन घास खातो आणि गिरणीच्या फाटकाबाहेर उभा राहून पाव खातो. ती म्हणे तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिने नियम केला.

नियम असा, की जेवताना प्रत्येकाने रांधलेल्यातली एक खोट सांगायची. छान, मस्त, वा, हे शब्द ताटावर बंद. पाच वर्षांच्या पोरालाही सूट नाही. रांधणाऱ्याने ऐकून घ्यायचं, उलट बोलायचं नाही. बाबा आम्हाला बजावायचे, "खोट सांगायची, नावं ठेवायची नाहीत. ज्याला फरक कळत नाही त्याने उठून भांडी घासावीत." मी पुष्कळ भांडी घासली. पण त्या नियमापायी आई डोंगराकडचं असं काही करायला लागली, की बाबांच्या सख्ख्या बहिणीलाही त्यात खोट सापडली नाही. आणि बाबा शेवटी शेवटी माशाचं डोकं चोखायचे.

गिरणीच्या वसाहतीत दर दाराआड निराळी भाषा. ताई रिकामी वाटी घेऊन बाहेर पडायची आणि भरून आणायची, आणि कोणाकडे काय घातलं ते विचारून यायची. सुट्टीत आम्ही एका वर्षी आईच्या माणसांकडे जायचो, एका वर्षी बाबांच्या. तिकडे आम्ही "त्याची पोरं", इकडे "तिची पोरं". मी रुसून अंगणात बसायचो. ताई सरळ चुलीशी जायची. चुलीशी काम करणाऱ्या पोरीला कोण हाकलणार? चार दिवसांत ती घरची व्हायची, मी पाहुणाच राहायचो. मोठे झाल्यावरही दरवर्षी एक गाव बघायची रीत तिनेच चालू ठेवली. मी, माझी बायको, माझी मुलगी आणि ताई. तिने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "मला तीनशे मुली आहेत, आणखी कशाला?"

त्या तीनशे म्हणजे नर्सिंग शिकणाऱ्या मुली. त्यांच्या वसतिगृहात ती बावीस वर्षं मुख्य स्वयंपाकीण होती. मुली कुठून कुठून आलेल्या. ताई दर आठवड्याला एकीच्या गावचं रांधायची, आणि ती मुलगी पहिल्या घासाला रडायची. ताईला त्या रडण्याचा भारी अभिमान होता. "आज एक रडली," असं फोनवर सांगायची. तिची सगळी पत, सगळा रुबाब, तिच्या नाकात आणि जिभेत होता. आणि तेच गेलं.

तीन वर्षांपूर्वी तिला ताप आला. ताप उतरला, पण वास गेला, चवही जवळजवळ गेली. डॉक्टर म्हणाले, येईल परत, किंवा नाही येणार. एका रविवारी ती आमच्याकडे आली. अंगावरचा ड्रेस हँगरला लावल्यासारखा लोंबत होता. "मला कांदा आणि दूध सारखंच लागतंय रे," ती म्हणाली. "पण हाताला अंदाज आहे. बाकीचं तुम्ही. दर रविवारी मी इथे करून बघते, तुम्ही खोट सांगा. तुमच्या सांगण्यावर मी आठवडाभर तिकडे रांधीन. आता तुम्ही तिघं माझी जीभ."

आणि तिने रस्सा वाढला. मी पहिला घास घेतला. मीठ इतकं, की माझे कान गरम झाले. मी वर बघितलं. ताई हातात कागद-पेन्सिल घेऊन आमच्या तोंडांकडे बघत बसली होती. टेबलाखाली बायकोने माझा पाय दाबला.

"जरा पातळ झालाय," मी म्हणालो.

"मिरी थोडी कमी," बायको म्हणाली.

माझी मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे, आणि ताटात बघत म्हणाली, "आत्या, भात मोकळा नाही झाला."

ताईने सगळं लिहून घेतलं. तिच्या चेहऱ्यावर रंग आला. "एवढंच? मग हात शाबूत आहे माझा," ती म्हणाली. ती गेल्यावर आम्ही रस्सा ओतून दिला आणि अंडी तळून खाल्ली. एकदाच, असं मी बायकोला म्हटलं. आजारी आहे, जीव रमू दे तिचा.

ते एकदाच दोन वर्षं चाललं. आळीमिळी गुपचिळी. शनिवारी आम्ही ठरवून ठेवायचो, उद्या कोणी कोणती खोट सांगायची. हलक्या हलक्या वाटून घ्यायचो. खरी खोट मोठी असायची, म्हणून तिच्यावर झाकण म्हणून छोट्या तीन. मुलगी एकदा म्हणाली, "बाबा, हे बरोबर नाही." मी तिलाच दटावलं. म्हटलं, नियम तर पाळतोय ना आपण? आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. ताईच्या काळजीपोटी, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. खरं सांगू? आम्हाला रविवार सुखाचा हवा होता. रडारड नको, तिचा उतरलेला चेहरा नको. तिच्यासाठी थोडं सोसायची आमची तयारी नव्हती, म्हणून खारट रस्सा सोसत होतो.

तिकडे मुली ताटं अर्धी टाकायला लागल्या. वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी ताईला बोलावून सांगितलं, की जेवण तोंडात घालवत नाही. ताई तणतणत आमच्याकडे आली. "बाईंचा माझ्या जागेवर डोळा आहे. त्यांची भावजय आणायची असेल. घरी तुम्ही सांगता जरा पातळ, आणि त्या म्हणतात जनावर खाणार नाही. सांगा, कोणाचं खरं मानू?"

मी कुलुपं दुरुस्त करतो. हातात एक उघडलेलं कुलूप होतं, त्यात डोकं घालून बसलो.

"तुमचंच मानणार ना," ती आपणच म्हणाली. "तुम्ही मला खोटं कशाला सांगाल?"

तेव्हा बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी स्प्रिंग शोधत राहिलो. दुसऱ्या दिवशी ताईने भरल्या जेवणघरात रेक्टरबाईंना खोटारड्या म्हटलं. महिन्याभरात तिला चुलीवरून उठवून कोठारात बसवलं. बावीस वर्षांनंतर पोती मोजायला आणि किल्ली सांभाळायला. ती म्हणायची, "जाऊ दे. घरात तरी माझ्या हाताची कदर आहे."

गेल्या वर्षीच्या प्रवासात आम्ही एका तळ्याकाठच्या गावात दोन खोल्या घेतल्या. स्वयंपाकघर होतं, म्हणूनच घेतल्या. ताई बाजारात हिंडली, मासे निवडले. वास येत नव्हता, तर डोळे आणि कल्ले बघून निवडले. पहिल्या दिवशी आमची पंचाईत झाली. बसच्या धकाधकीत कोणी कोणती खोट सांगायची ते ठरवायचं राहिलं. पहिला घास झाला आणि मी म्हणालो, "मीठ जरा कमी." त्याच क्षणी मुलगी म्हणाली, "किंचित खारट."

ताईने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि कागदावर दोन्ही लिहून घेतलं. मला वाटलं, निभावलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पुन्हा रांधलं. भात, डाळ आणि भाजी. खिडकीतून तळं दिसत होतं, ऊन होतं, वारा होता, आणि आम्ही या वेळी सकाळीच सगळं वाटून घेतलं होतं. मी घास घेतला. अळणी. डाळ अळणी, भाजी अळणी, भात तर अळणी असतोच. बायको म्हणाली, "भाजी थोडी जास्त शिजली." मुलगी म्हणाली, "डाळ दाट झाली, आत्या."

"आणि तू?" ताईने मला विचारलं.

माझ्या वाट्याला आंबट आलं होतं. पण कालची चूक डोक्यात होती, ती निस्तरायची होती. मी म्हणालो, "आज मीठ अगदी बरोबर आहे. आंबट तेवढं कमी पडलं."

ताई उठली. ओट्यावरून मिठाचा पुडा आणला आणि टेबलावर ठेवला. कालचा संपला होता, हा नवा; वरचा दोरासुद्धा सुटलेला नव्हता.

"कधीपासून?" तिने विचारलं.

मुलगी रडायला लागली. "पहिल्या रविवारपासून, आत्या," ती म्हणाली.

ताई बसली. पुडा तिने आपल्यापुढे ओढून घेतला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचं ओरडणं मला लहानपणापासून झेपतं.

"त्या बाईला मी तीनशे मुलींसमोर खोटारडी म्हटलं," ती म्हणाली. "परकी बाई. तिने मला खरं सांगितलं. आणि माझ्या माणसांनी केसाने गळा कापला."

"ताई, तुम्हाला बरं वाटावं म्हणून..." बायकोने सुरुवात केली.

"मला बरं वाटायला नको होतं. मला मीठ किती ते हवं होतं. तेवढंच मागितलं होतं मी."

परतीच्या बसमध्ये ती ड्रायव्हरच्या मागच्या एकट्या सीटवर बसली. गावी पोचल्यावर रेक्टरबाईंकडे जाऊन तिने माफी मागितली, तीही जेवणघरात, मुलींसमोर. हे मला वसतिगृहाच्या वॉचमनकडून कळलं. बाई म्हणे उठून उभ्या राहिल्या. पण चुलीवर तोवर दुसरी स्वयंपाकीण आली होती, तिला कसं काढणार? ताई कोठारातच राहिली. आमच्याकडे रविवारी येणं बंद झालं. या वर्षी ती कोठारातल्या दोन बायकांबरोबर कुठल्याशा गावी जाऊन आली. कुठल्या, ते मला माहीत नाही.

पाच महिन्यांनी एका दुपारी मीच तिच्या खोलीवर गेलो. तिने दार उघडलं, पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली. माझ्या मुलीच्या परीक्षेचं विचारलं. सगळं रीतसर. मी माफी मागितली, तेव्हा तिने मान हलवली, जणू कोणी पत्ता सांगत होतं. मग ती खिडकीपाशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "एक विचारू?"

"विचार ना."

"आई गेली तेव्हा मी इथे नव्हते. तूच म्हणालास, जा, दोन गावं हिंडून ये, आई ठीक आहे. परत आले तर तू सांगितलंस, की आईने सकाळी चहा मागितला, दोन घोट घेतले, माझं विचारलं, म्हणाली येऊ दे पोरगी, काय काय खाऊन आली ते ऐकू. आणि डोळे मिटले. काही त्रास झाला नाही." ती वळली. "आठ वर्षं मी त्यावर काढली. खरं काय झालं होतं?"

तेच झालं होतं. शब्दन् शब्द तसंच झालं होतं. चहाचा कप माझ्या हातात होता. आई खरंच तसं म्हणाली, आणि तिला खरंच काही त्रास झाला नाही. आयुष्यात ताईला मी सांगितलेली ती सगळ्यात खरी गोष्ट होती.

"हेच," मी म्हणालो. "हेच झालं होतं, ताई. अगदी असंच."

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिला ते खरं मानायचं होतं, मला दिसत होतं, किती मानायचं होतं ते. मग तिने माझ्यावरची नजर काढून घेतली.

"आईची शपथ..." मी म्हणायला गेलो.

"नको," ताई म्हणाली. "निदान तिला तरी यात ओढू नकोस."