सिलेक्टरशेठ आणि आमची नऊ नंबर

धडगावच्या बाजारात भांड्यांचं दुकान चालवणाऱ्या आमच्या सिलेक्टरशेठनी रग्बीचा चेंडू आयुष्यात कधी हातात धरला नव्हता. पण भारताच्या महिला रग्बी संघात कोण असावं आणि कोण नसावं, याचा निकाल ते रोज सकाळी शटर वर करताच देत असत. दुकानासमोरच्या ओट्यावर पंधरा भांडी मांडली जात. पुढच्या फळीत जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, जाड पातेली, त्यांच्यामागे हंडे, दोन्ही कडांना हलके लोटे, सगळ्यांच्या पाठीमागे एकटी कढई. पातेल्यांच्या झुंडीतून चेंडू काढून मागच्यांना देणारी नऊ नंबरची खेळाडू म्हणजे एक पितळी तांब्या. या तांब्याच्या जागी कोण, यावरून आमच्या बाजारात दोन वर्षं भांडण चाललं होतं.

शेठचं घराणं मूळ राजस्थानातलं, जैन. पण ते स्वतः जन्मले, वाढले धडगावात. घरात मारवाडी, पाड्यांवरून येणाऱ्या गिऱ्हाइकांशी पावरी आणि माझ्याशी, शाळा शिकलेल्या पोरांशी अहिराणी. मी खाली शहाद्याकडच्या ब्राह्मणपुरी गावचा, इथल्या शाळेत मास्तर, त्यामुळे अहिराणी ऐकली की मला बरं वाटे. तीनही भाषांत शेठ सारख्याच हिरिरीनं वाद घालत आणि तीनही भाषांत समोरचा गोंधळून घरी जाई. सिलेक्टर हे नाव त्यांना जीपवाल्यांनी थट्टेत दिलं. शेठना ते इतकं आवडलं, की कोणी नुसतं शेठ म्हटलं तर त्यांचं तोंड जरा उतरायचं.

मी त्यांच्याकडून रग्बी शिकायचा मनापासून प्रयत्न केला. मोबाइलवर सामने पाहिले, भांडी इकडून तिकडे सरकवली, पण डोक्यात उजेड पडला नाही. चेंडू पुढे न्यायचा, पण हातानं फेकायचा मात्र मागेच, हे काय प्रकरण आहे, असं मी एकदा वैतागून विचारलं. शेठ म्हणाले, "सर, घाट चढताना जीप आठे वळस, तठे वळस, मांगे बी जास. पन चढस का नही?" मला घाट समजला, रग्बी नाही. त्याच वेळी एका बाईनं कढई उचलून भाव विचारला आणि शेठनी ती बांधूनही दिली. उरलेला दिवस भारताचा संघ शेवटच्या खेळाडूवाचून ओट्यावर पडून होता.

आता या सगळ्याचं मूळ सांगतो. मूळ म्हणजे रमिला. धडगावच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका पाड्यावरची पोर. बाहेरगावच्या निवासी शाळेत गेली, तिथे कोणा शिक्षकानं हातात लांबट चेंडू दिला आणि पोरीनं तो सोडलाच नाही. जिल्हा झाला, राज्य झालं, मग राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं आलं. पाड्यावर फोनला रेंज नाही, म्हणून शिबिराच्या कागदावर घरच्या संपर्कासाठी शेठचा नंबर दिलेला होता. काही निरोप असला की तो आधी शेठकडे येई आणि मग जीपनं वर जाई. रमिला खेळायची नऊ नंबरवर. आमच्या तालुक्यातली पोरगी देशासाठी खेळणार, या एका गोष्टीवर सगळा बाजार एकमतानं खूश होता.

सगळा बाजार म्हणजे शेठ सोडून. शेठचं म्हणणं, नऊ नंबरवर ओडिशाची मुलगी पाहिजे. ती दोन्ही पायांनी लाथ मारते, रमिला एकाच पायानं. आम्ही चिडायचो. मी तर एकदा स्पष्टच विचारलं, की आपल्याच पोरीच्या वाटेत तुम्ही असे आडवे का येता? ते म्हणाले, "आपली शे म्हनीसन लेवानी का? मंग आपलं शे म्हनीसन मी गयकं पातेलं बी इकू का?" पोरगी आणि गळकं पातेलं एकाच तागडीत! पण पुढच्याच आठवड्यात शहाद्याचा एक व्यापारी ओट्यावर बसून, या डोंगरातल्या पोरींना कसलं आलंय राष्ट्रीय, असं काहीतरी बोलला, तर शेठनी त्याचा चहा अर्धा असतानाच कप उचलून आत नेला. शेठ नेमके कोणाच्या बाजूचे, हे मला कधी कळलं नाही.

गंमत म्हणजे रमिला सुट्टीत आली की पहिली शेठकडे यायची. ओट्यावर बसून तांब्या हातात घ्यायची आणि विचारायची, "शेठ, या वेळी तरी घेणार का मला?" शेठ मान हलवायचे. "नही. मी तुले लेवाव नही." मग दोघं मोबाइलवर तिचाच सामना लावून तासभर भांडायचे. ते इतकं अधिकारवाणीनं चालायचं, की ऐकणाऱ्याला वाटावं, निवड समिती हीच आणि बैठकही हीच. पाड्यावरून बाजाराला आलेली माणसं दूर उभी राहून हे ऐकत. त्यांत रमिलाचे वडील रायसिंगदादाही असायचे. ते मध्ये कधी बोलले नाहीत.

संवत्सरीच्या दिवशी शेठ वेगळेच असायचे. पर्युषणाचे उपास झालेले, चेहरा ओढलेला, अंगावर पांढरे कपडे. वर्षभरात ज्याला ज्याला दुखावलं असेल त्याच्यापुढे हात जोडून क्षमा मागायची, ही त्यांच्या धर्माची रीत. इतर व्यापारी एकमेकांना मोबाइलवर निरोप पाठवून मोकळे होत. शेठ दारोदार जात. माझ्या घरी येऊन दरवर्षी म्हणत, "सर, वरीसभरमां मन्हाकडतून काही बोलनं लागनं व्हई तर माफ करज्यात." दुसऱ्या दिवसापासून तेच बोलणं पुन्हा सुरू व्हायचं, हा भाग निराळा.

भांडणाच्या दुसऱ्या वर्षी संवत्सरी आली तेव्हा रमिला शिबिरात होती आणि संघ जाहीर व्हायचा होता. शेठच्या मनात काय आलं कोण जाणे. आपण वर्षभर भर बाजारात एका बापाच्या देखत त्याच्या लेकीला नको नको म्हटलं, हे बहुधा टोचलं असावं. ते जीपनं वर गेले, पुढचा डोंगर पायी चढले, रायसिंगदादांच्या अंगणात उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, की तुमच्या पोरीच्या बाबतीत माझ्याकडून चूक झाली असेल तर क्षमा करा. दादांनी बसायला खाट टाकली, चहा विचारला. निघताना पायवाटेपर्यंत सोडायला आले. शेठ हलक्या मनानं खाली उतरले.

इथेच सगळं चुकलं. पाड्यावर माणूस हात जोडून उभा राहतो तो पंचांसमोर, आणि तेही दुसऱ्याचं नुकसान केल्याचं कबूल करायला. काही न घडता, नुसता वर्षाचा हिशेब म्हणून कोणी क्षमा मागतो, हे दादांनी कुठे पाहिलेलं? आणि मागणारा कोण, तर ज्याला अख्खा बाजार सिलेक्टर म्हणतो तो शेठ, ज्याच्या फोनवर शिबिराचे निरोप येतात तो शेठ. दादांनी सरळ अर्थ लावला. रेंज मिळते त्या टेकडीवर चढून त्यांनी लेकीला फोन केला, की शेठ स्वतः येऊन माफी मागून गेले, तुझं नाव कापलं आहे, लोकांपुढे मान खाली घालायला तिथे थांबू नको, घरी ये.

रमिलाला वाटलं, निरोप शेठच्या नंबरवर गेला असणार. शिबिरात कोणाला काही न विचारता तिनं बॅग भरली. दोन दिवसांनी ती धडगावला जीपमधून उतरली तेव्हा मी ओट्यावरच होतो. शेठ उठून उभे राहिले. "तू आठे कशी?" ती म्हणाली, "तुम्हीच बाबांना सांगितलं ना, माझं नाव कापलं म्हणून?" शेठ एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिले. सकाळपासून त्यांच्या फोनवर शिबिरातून सारखे फोन येत होते, की तुमची मुलगी कुठे आहे? घाटात तिचा फोन लागत नव्हता. संघ जाहीर झाला होता आणि त्यात तिचं नाव होतं.

त्यानंतर शेठनी प्रशिक्षकांना किती फोन केले! हिंदीत विनवण्या केल्या, चूक माझी आहे, पोरीची नाही, हे परोपरीनं सांगितलं. पलीकडचे गृहस्थ भले होते, पण परवानगीशिवाय शिबिर सोडणाऱ्याला नियमात जागा नव्हती. नऊ नंबरवर ओडिशाची मुलगी गेली. रमिलानं ते सगळं उभ्यानं ऐकलं, बॅग उचलली आणि एवढंच म्हणाली, "शेठ, झालं ना तुमच्या मनासारखं?" तिच्या आवाजात राग होता की आणखी काही, मला सांगता येणार नाही. शेठच्या चेहऱ्याकडे मात्र बघवत नव्हतं.

पुढचे काही महिने ओट्यावर भांडी मांडली गेली नाहीत. सामना झाला तो आम्ही शेठच्याच मोबाइलवर पाहिला. ओडिशाची मुलगी झकास खेळली, मला न कळूनही ती झकास खेळली. मी बावळटासारखं म्हणालो, "शेठ, तुमची निवड बरोबर निघाली." शेठनी मोबाइल पालथा ठेवला. मग म्हणाले, "मन्हं खरं निंघनं, सर. पन घास गयाखाले उतरी नही ऱ्हायना." बरोबर असलेल्या माणसाचं समाधान कसं करायचं, हे मला ठाऊक नव्हतं, अजूनही नाही.

पुढच्या वर्षी रमिलाला पुन्हा शिबिराचं बोलावणं आलं. निघायच्या दिवशी ती इतक्या महिन्यांनी दुकानासमोर येऊन उभी राहिली. मागे जीप भरत होती. "शेठ, मला घेणार का?" शेठ डबे पुसत राहिले. गेल्या वर्षीच्या बोलण्याचा धसका अजून गेला नव्हता. ती म्हणाली, "तुम्ही बोलल्याशिवाय मी जीपमध्ये बसणार नाही." ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. शेवटी फडका खाली ठेवून शेठ म्हणाले, "समितीमां मी ऱ्हातू, तर तुले लेतू नही." रमिला अशी हसली, की जीपमधली माणसंही बघायला लागली. मी तिथे होतो, सगळं ऐकलं, आणि नकार मिळालेली पोर इतकी खूश का, याचा विचार करत शाळेत गेलो.

ती शिबिरात असतानाच शेठ गेले. सकाळी दुकान उघडता उघडता छातीत कळ आली; खाली शहाद्याच्या दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत. बाजार बंद राहिला. रायसिंगदादा पाड्यावरून चालत आले होते. रमिलाला कळवायचं का, हा प्रश्न निघाला तेव्हा तेच आधी बोलले, "आता मी टेकडीवर चढत नाही. तिला खेळू द्या." शेठच्या मुलानं हातातला फोन खिशात ठेवला.

त्यानंतर चार-सहा दिवसांनीच मी दुकानात बसलो असताना शेठचा फोन वाजला. त्यांच्या मुलानं नाव पाहिलं आणि फोन माझ्या हातात दिला. रमिला होती; माझा आवाज तिनं लगेच ओळखला. संघात तिची निवड झाली होती, नऊ नंबरवरच, आणि संध्याकाळी त्यांचं विमान होतं. "सर, शेठना द्या ना. काय म्हणतात ते ऐकायचंय."

मी म्हणालो, "शेठ गिऱ्हाइकात आहेत. पण त्यांचं म्हणणं आहे की समितीनं चूक केली."

पलीकडून हसू आलं. "का म्हणे?"

आता आली का पंचाईत. ज्या खेळातलं मला ओ की ठो कळत नाही, त्यातली तिची चूक मी कुठून आणू? तोंडात आलं ते बोलून गेलो, "म्हणतात, तू चेंडू फार वेळ धरून ठेवतेस."

तिच्यामागे कोणीतरी सामान गाडीत टाकायला हाका मारत होतं. ती म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. त्यांना सांगा सर, या वेळी लवकर सोडीन."

"सांगतो," मी म्हणालो.