मुहूर्ताचे मासे

माझ्या चुलतभावाने, सुधीरदादाने, नव्या घरात दिवाणखान्याची अख्खी भिंत काचेची करून घेतली. आत माणूस उभा राहील एवढी ती माशांची टाकी. बांधणाऱ्याने बजावलं होतं, "पाणी महिनाभर टाकीत नुसतं राहू द्या, मगच मासे सोडा, नाहीतर मरतील." पण वास्तुशांतीचा मुहूर्त ठरलेला! आदल्या दिवशी नळाचं पाणी भरलं, सकाळी काचेला हळदकुंकू लावलं आणि पिशव्याच्या पिशव्या मासे आत सोडले.

आम्ही जेवायला बसलो तेव्हा एक सोनेरी मासा उताणा तरंगत होता. मी हातातला घास परत ताटात ठेवला. वहिनींनी मात्र हात जोडले. "घरावरचं संकट टळलं हो. माशाने स्वतःवर घेतलं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जिलबीचा आग्रह सुरू झाला.

मला शिसारी आली. आपणच मारायचं, वर तो आपल्यासाठी मेला म्हणून नमस्कार करायचा, आणि त्या नमस्काराने आपलं जेवण गोड करून घ्यायचं! किती सोयीची ही भक्ती.

उरलेले मासे पाण्याच्या वर तोंड काढून श्वासासाठी तडफडत होते.

"बघ, कशी भूक लागलीय बिचाऱ्यांना," दादा कौतुकाने म्हणाला आणि त्याने मूठभर खाद्य आत टाकलं.