पुरेकाकूंची ताटली

दिल्लीत सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये पाहुण्याला ‘आणखी घ्या’ न म्हणणाऱ्या एकच बाई होत्या, वरच्या मजल्यावरच्या काकू. आडनाव काहीही असो, सगळे त्यांना पुरेकाकू म्हणत. तोंडावरही म्हणत आणि त्या खुशाल ओ देत.

त्यांच्याकडे मोठं ताट नव्हतंच. नाश्त्याच्या ताटलीत दोन पोळ्या, एक वाटी वरण, भाजी, चिमूटभर चटणी. चव अशी की बोटं चाटावीत, पण दुसऱ्यांदा वाढायला त्या उठत नसत. बायका त्यांना चिक्कू म्हणायच्या. ‘ताट मोठं असलं की हात सैल सुटतो आणि भूक नसली तरी माणूस ताट संपवतो,’ एवढंच त्या सांगायच्या.

त्यामागचं कारण आईने मला सांगितलं. काकांना शुगर होती, वजनही बेसुमार. तरी प्रत्येक पंगतीत मित्र पैज लावून त्यांच्या पानात जिलब्या वाढायचे, आणि ते कुणाचं मन मोडत नसत. ते गेल्यावर काकूंनी मोठी ताटं भांडेवाल्याला देऊन टाकली. ‘ते खाऊन गेले नाहीत, आग्रहाने गेले,’ असं त्या ठणकावून सांगत.

शेजारच्या पंजाबी आंटी भटुऱ्यांची परात घेऊन मागे लागल्या, तर काकू आपल्या मराठी वळणाच्या हिंदीत म्हणायच्या, ‘प्यार पूरा लूँगी, भटूरा आधा.’ आंटी रुसायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा यायच्या.

मग माझ्या बाबांनाही शुगर निघाली. त्या वर्षी मंडळाच्या गणपतीच्या पंगतीत वाढपी बाबांपाशी अडून बसला, एक जिलबी घ्याच. बाबा ओशाळं हसत मान हलवणार, तेवढ्यात काकू आपल्या पानावरून उठल्या आणि मध्ये उभ्या राहिल्या. भर पंगतीत म्हणाल्या, ‘वाढा. पण उद्या हॉस्पिटलात यांच्या उशाशीही तुम्हीच बसायचं.’ अध्यक्षांना तो प्रसादाचा अपमान वाटला. काकूंनी माफी मागितली नाही. मला त्या दिवशी त्यांचा विलक्षण अभिमान वाटला. बाबा तेव्हापासून घरी ताटलीतच जेवू लागले.

पुढे काकू मुलाकडे गुरुग्रामला गेल्या, आणि गेल्या थंडीत वारल्या. तेराव्याला सोसायटीच्या हॉलमध्ये केटररने परातीएवढ्या प्लेटा मांडल्या होत्या. बाबांनी सॅलडजवळची छोटी प्लेट उचलली. काकूंचा मुलगा डोळे पुसत लाडवांचं ताट घेऊन सगळ्यांपुढे फिरत होता. बाबांपाशी येऊन म्हणाला, ‘काका, आईसाठी एक तरी घ्या.’

मला वाटलं, आता बाबा विरघळणार. पण त्यांनी प्लेटवर हात आडवा धरला.

‘बाळा, वहिनींसाठीच नको.’