जावईबापूंचा डोह

तुलारामजी भुरे मासे धरायला जात नसत, ते गरीवर, म्हणजे गळ टाकून, बसत. यात मोठा फरक आहे असं त्यांचं म्हणणं होतं, आणि आंबागडापासून तुमसरपर्यंत जो भेटेल त्याला ते हा फरक चहा थंड होईस्तोवर समजावून सांगत. जाळं टाकतो तो पोटासाठी टाकतो, गरीवर बसतो तो शौकासाठी बसतो, आणि शौकाला खानदान लागतं. तुलारामजींचं खानदान म्हणजे थोडी धानाची शेती, एक ट्रॅक्टर आणि पुण्याला कंपनीत लागलेला मुलगा. पण तेवढ्यावर शौक निभत होता.

शौक लावला तो या मुलानेच. अतुलने एका दिवाळीला बापासाठी ऑनलाइन मागवून एक दांडी पाठवली. काळी, चकचकीत, मुठीपाशी दोरा गुंडाळायची चरखी असलेली. तोवर तुलारामजी चारचौघांसारखे बांबूच्या काडीला तंगुसाचा दोरा बांधून नहरावर बसत आणि कोणाच्या नजरेत भरत नसत. दांडीपाठोपाठ गोल टोपी आली, घडीची खुर्ची आली, आणि खिसेच खिसे असलेलं एक जाकीट आलं. एवढ्या खिशांत ठेवायचं काय, हे न उमगल्याने त्यांनी एकात सुपारी ठेवली, एकात चुन्याची डबी, आणि उरलेले रिकामे खिसे अधूनमधून चाचपत राहिले.

चारा मात्र त्यांचा स्वतःचा होता. कणकेत सरकीची ढेप आणि भिजवलेली मोहफुलं कुस्करून केलेल्या गोळ्या. हे गुपित आहे असं सांगून त्यांनी ते साऱ्या गावाला सांगितलं होतं. एवढं होऊन घरी यायच्या त्या बोटाएवढ्या मासोळ्या. मंदाबाई त्या पाहायच्या आणि नवऱ्याला काही न बोलता मांजराला हाक मारायच्या.

आता तुलारामजींचा दुसरा उद्योग. नहराच्या मायनरवर, म्हणजे पोटकालव्यावर, ज्यांची शेती आहे त्यांची एक पाणीवापर संस्था होती आणि तिचे अध्यक्ष होते तुलारामजी. निवडणूक वगैरे झाली नव्हती. पाण्याचे दिवस आले की अध्यक्षाला पहाटेपासून फोन येतात, म्हणून कोणी ते पद घेत नव्हतं. तुलारामजींना फोन आलेले आवडायचे. मायनरच्या मध्यावर एक लोखंडी गेट होतं. गेट उचललं की पाणी खालच्या वस्तीला, टोलीला जायचं आणि पाडलं की वरच्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, भरायची. कोणाला किती दिवस, हे अध्यक्षाने ठरवायचं होतं.

खालची टोली म्हणजे मंदाबाईंचं माहेर. आणि आमच्याकडची रीत अशी की मुलगी एका घरची असली तरी जावई साऱ्या टोलीचा असतो. तिथे घर बांत्यांचं असो की मेश्राम-रामटेक्यांचं, लग्न होऊन तीस वर्षं उलटली तरी तुलारामजी टोलीत पाय ठेवायचे तेव्हा खाटेवर सतरंजी पडायची, पाय धुवायला पाणी यायचं, आणि ते काही बोलले की म्हातारेसुद्धा मान डोलवायचे. जावयाला उलटा शब्द बोलायचा नाही, जावयाच्या हाताला काम लावायचं नाही. जावई म्हणजे दहावा ग्रह, हे उगीच नाही म्हणत. थट्टेची मुभा होती ती फक्त साळीला, म्हणजे मेहुणीला.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधीच पाऊस गेला. हलकं धान कापणीला आलं होतं, पण टोलीत सगळं भारी धान, आणि ते नेमकं गर्भात आलेलं. पोटात कणीस धरलेल्या धानाला पाणी नाही मिळालं तर कणीस बाहेर पडतं ते पांढरं, रिकामं. हे लहान पोरालाही ठाऊक असतं. धरणातून पाणी सुटलं. वरच्यांची पाळी झाली. टोलीची पाळी लागायच्या आदल्या संध्याकाळी तुलारामजी पाडलेल्या गेटाच्या वरच्या अंगाला गरी टाकून बसले होते, आणि तिथेच घात झाला.

गेट पाडल्यामुळे तिथे पाणी तुंबून चांगला डोह झाला होता. हिरवागार, संथ, गळ्याइतका खोल. धरणातून वाहत आलेला मासा पुढे वाट नाही म्हणून तिथेच थबकला होता. तुलारामजींच्या गरीला पहिल्यांदाच हातभर रोहू लागला. चरखी गरगरली, खुर्ची उलटली, टोपी पाण्यात पडून भिजली. घरी आले तेव्हा त्यांचा चेहरा असा होता की मंदाबाईंना वाटलं, अतुलचं लग्न ठरलं.

दुसऱ्या दिवशी गेट उचलायचं होतं. तुलारामजींनी विचार केला, आज राहू दे, उद्या उचलू. उद्याही त्यांनी तोच विचार केला. माणूस एवढा अप्पलपोटा कसा होतो, असं वाचणाऱ्याला वाटेल. एकदम नाही होत, एकेक दिवसाने होतो. तिकडे टोलीतून मंदाबाईंचा भाऊ परसराम फोन करत होता.

"भाऊजी, पाणी कवा येईन जी? धान गर्भात हाय."

"वरूनच नाही सोडून राहिले ना, परसराम. मी काय जाकिटाच्या खिशातून देऊ?"

"नाही जी, तुमचं बरोबर हाय," असं म्हणून परसराम फोन ठेवायचा. जावई सांगतो म्हणजे खरंच असणार. आणि तुलारामजी डाव्या हातातला फोन खिशात टाकून, तोवर उजव्या हातात धरलेली दांडी पुन्हा दोन्ही हातांनी धरायचे. त्यांना वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण मासा लागला की विसरायला व्हायचं.

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती झाकलेली राहिलीही असती. पण गरीवर बसणाऱ्याला मासा लागून भागत नाही, तो लोकांना दिसावा लागतो. एका रविवारी कतला लागला, लहान पोराएवढा. तुलारामजींनी तो छातीशी धरला, रस्त्याने जाणाऱ्या एका मोटरसायकलवाल्याला थांबवून फोटो काढून घेतला आणि व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावला. खाली लिहिलं, "संयमाचे फळ". फोटोत मासा होता, तुलारामजींचे दात होते, आणि मागे पाडलेलं गेट आणि काठोकाठ भरलेला नहर होता. अध्यक्ष म्हणून त्यांचा नंबर टोलीतल्या प्रत्येक मोबाईलमध्ये होता, हे त्यांच्या ध्यानातही आलं नाही. किती जणांनी पाहिलं ते मोजून ते खूश होते.

मंदाबाई त्या संध्याकाळी विळीवर मासा घेऊन बसल्या.

"हा कुठं गावला?"

"नहरात. गेटापाशी."

"नहरात पाणी हाय मंग."

"तुले त्यातलं काय समजते," तुलारामजी म्हणाले.

मंदाबाईंनी मासा रांधला, नवऱ्याला वाढला, आणि स्वतः भाकरी चटणीशी खाल्ली. तुलारामजींना वाटलं, वार पाळत असेल.

त्याच वेळी टोलीत काय चाललं होतं हे त्यांना पुढे कळलं. संघपाल मेश्राम नावाचा शिकलेला तरुण शेतकरी फोटो घेऊन सरळ पाटबंधारेच्या साहेबाकडे जायला निघाला होता. कुंपणच शेत खाऊन राहिलं, आता कायले भ्यायचं, असं त्याचं म्हणणं होतं. परसरामाने त्याला हात जोडून थांबवलं. जावयाची तक्रार टोलीने केली, असं आजवर झालं नव्हतं. मग संघपालची आई रत्नमालाबाई बोलली. ती मंदाबाईंची शाळेपासूनची मैत्रीण, म्हणजे रीतीने तुलारामजींची साळी. ती म्हणाली, "तक्रार कोण करते? आपण तं पाहुनचार करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी तुलारामजी खुर्ची उघडून बसतात न बसतात तोच परसराम आला. हातात बांबूची काडी.

"राम राम, भाऊजी. बसू काय जी इथं?"

त्याच्यामागून संघपाल आला, "जय भीम, जवाईबापू," म्हणून पलीकडे बसला. मग आणखी चौघे, मग म्हातारे, मग बाया. बघता बघता डोहाच्या काठाने सारी टोली बसली. कोणाच्या हातात बांबू, कोणाच्या हातात तुरीची काडी, आणि एका म्हाताऱ्याने तर नुसता दोरा पाण्यात सोडला होता, त्याला गरीच नव्हती.

तुलारामजींना काय वाटलं असेल? त्यांना वाटलं, शिष्य आले. फोटोचा परिणाम. ते उभे राहिले, दांडी कशी धरायची ते दाखवलं, मोहफुलांच्या गोळ्या वाटल्या, आणि मासा हा प्राणी मनाने कसा असतो यावर बोलले. उथळ पाण्याला खळखळाट फार. सगळे मान डोलवत होते. "मुख्य गोष्ट संयम," तुलारामजी म्हणाले. "संयम लागते."

"तो तं हाय जी आमच्यापाशी," रत्नमालाबाई म्हणाली. तिने किटलीतून त्यांना चहा ओतून दिला. "शेतात काम नाही राहिलं, भाऊजी. पाणीच नाही तं खत कायले टाकाव? म्हटलं, घरी बसून तरी काय कराव. तुमच्यापाशी काही शिकून घेऊ."

चहा गोड होता, पण तुलारामजींनी दुसरा घोट न घेता कप खाली ठेवला.

"किती पाणी हाय जी इथं," गरी नसलेला म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. देवळात गेल्यासारखा तो बोलला. मग सगळेच पाण्याकडे पाहू लागले.

"दिसते तेवढं नाही," तुलारामजी म्हणाले. "हे थांबलेलं पाणी हाय. थांबलेल्या पाण्याले जोर नसते."

"कोनं थांबवलं जी?" संघपालने विचारलं.

"संघपाल," परसराम लगेच म्हणाला, "जवाईसंग असं बोलाव नाही."

त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उलट शिवी देता येते. तुलारामजींनी चरखी फिरवली, दोरा ओढला, पुन्हा टाकला. एवढ्या माणसांच्या सावल्या पडल्यावर मासा कशाला येतो? तेवढ्यात रत्नमालाबाईने पदराची गाठ सोडली आणि धानाच्या काड्यांची एक मूठ त्यांच्या मांडीवर ठेवली.

"गोळ्या सरल्या असन तं हे लावून पाहा, भाऊजी. आत दाना नाही, म्हून हलकं हाय. पान्यावर तरंगन."

तुलारामजी कितीही शौकीन झाले तरी धानाच्या पोटी जन्मलेले होते. त्यांनी सवयीने एक काडी उचलली, कणीस झाकणारी पोटरी नखाने चिरली आणि आत पाहिलं. कणीस पांढरं होतं. दुसरी चिरली, तिसरी चिरली. मग ते थांबले. त्यांना लाज वाटली. खरी लाज, जी कोणत्या खिशात ठेवावी हे समजत नाही. जाकीट घालून, गोल टोपी घालून, आपल्याच बायकोच्या माहेरच्या माणसांपुढे ते खुर्चीवर बसले होते आणि ती सगळी खाली मातीत बसली होती.

ते उठले आणि गेटाकडे गेले. गेटाला कुलूप होतं, ते खिशातल्या किल्लीने उघडलं. चाक गंजलं होतं. एरवी जावयाने वाटेतला दगड बाजूला करायला वाकायचं म्हटलं तरी टोलीतले चार जण धावायचे. आज एकही उठला नाही. सगळे हातात काड्या धरून, आदराने, पाहत राहिले. तुलारामजी चाकाला लोंबकळले, कण्हले, जाकिटाची शिवण उसवली. शेवटी करकर वाजत गेट वर आलं, पाणी खालून धडधडत सुटलं आणि डोह डोळ्यादेखत खाली जाऊ लागला. त्या लोंढ्यात रोहूच्या पाठी चमकल्या आणि टोलीच्या दिशेने निघून गेल्या. तेव्हा कुठे लोक उठले. "येतो जी, भाऊजी," म्हणत एकेक जण बांध्यांकडे पळाला.

टोकाच्या दोन-तीन बांध्या गेल्याच. बाकीचं धान वाचलं. आणि पाण्याबरोबर आलेला मासा बांध्यांत पसरला, तो बायांनी टोपल्या उपड्या घालून धरला. त्या दिवशी टोलीत घरोघरी रस्सा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी परसराम बहिणीकडे आला. हातात झाकलेली कढई, आत रोहूचा रस्सा. पहिला मान जावयाचा, ही रीत तो चुकणार नव्हता. मंदाबाईंनी पाट मांडले. आज त्यांनी स्वतःचंही ताट घेतलं. तुलारामजींनी पहिला घास घेतला, आणि आता परसराम बोलणार, म्हणून त्यांनी मान खाली घातली.

परसराम बोलला, पण हात जोडून. "भाऊजी, काल टोलीची बैठक झाली. वरचेही आले होते. सगळ्याईचं म्हननं पडलं का आमची लय मोठी चूक झाली."

"तुमची?"

"आमचीच जी. एवढे वर्सं जवाईच्या हाताले काम लावलं. गेट उचला, गेट पाडा, फोन घ्या. काल तुम्ही चाक फिरवत होते तं आमाले पाहवलं नाही. जवाईनं कायले राबाव? कुलपाची किल्ली द्या. आता संघपाल पाहीन. तुम्ही बसा आरामात."

तुलारामजींनी हातातला घास ताटात ठेवला. जावयाने मान नाकारायची रीत नव्हती. त्यांनी मंदाबाईंकडे पाहिलं. त्या केव्हाच उठल्या होत्या. खुंटीवरच्या जाकिटाचा एक खिसा चाचपून पाहिला, त्यात सुपारी निघाली. दुसऱ्यात किल्ली होती, ती त्यांनी भावाच्या हातावर ठेवली, आणि परत येऊन नवऱ्याच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

"खा," त्या म्हणाल्या. "माह्या माहेरचा हाय."

तुलारामजींनी खाल्ला. मासा चवदार होता.